त्या गिरणीतल्या बायका कुठे गेल्या?

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण गांधीजींचं एक जुनं छायाचित्र छापलंत. खाली एवढीच ओळ : ‘गांधीजी इंग्लंडमध्ये’. मूळ छायाचित्र मी अनेकदा पाहिलेलं आहे. ते इंग्लंडमधल्या लँकेशायर या कापडगिरण्यांच्या परगण्यातल्या डार्वेन या गावचं, स्प्रिंग व्हेलच्या ग्रीनफिल्ड मिलबाहेरचं, २६ सप्टेंबर १९३१ चं. आणि त्यात गांधीजी एकटे नाहीत. त्यांच्याभोवती कापडगिरणीतल्या बायकांची दाटी आहे. एप्रन अंगावर तसाच, कित्येकींचे हात वर, तोंडभर हसू. पुरवणीत मात्र या सगळ्या बायका कापल्या गेल्या.

गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी मुद्दाम या गावी गेले होते. परदेशी कापडावरच्या आपल्या बहिष्काराची झळ जिथल्या चुलींना बसली, त्यातलंच हे गाव. माग बंद पडलेले, घरोघरी बेकारी. अशा ठिकाणच्या गिरणी कामगार बायका त्यांच्याभोवती उभ्या राहून जयजयकार करताहेत. हे छायाचित्र जितकं गांधीजींचं, तितकंच त्यांचं आहे. जागा जाणार म्हणून त्यांना काढलं असेल, तर दोन जाहिराती कमी घ्यायला हव्या होत्या, असं मी स्पष्ट म्हणतो.

माझी मुलगी त्याच भागातल्या बोल्टनला असते. तिच्याकडे दोन उन्हाळे राहिलो तेव्हा त्या भागातली जुनी छायाचित्रं पाहायचा मला नादच लागला. बोल्टन १९७४ पासून कागदोपत्री ग्रेटर मँचेस्टरमध्ये आहे. पण मला भेटलेली म्हातारी माणसं आजही स्वतःला लँकेशायरचीच म्हणवतात. हम्फ्री स्पेंडर या छायाचित्रकारानं १९३७-३८ साली बोल्टनचे रस्ते, दारूचे गुत्ते, वाळत घातलेले कपडे, निवडणुकीच्या सभा, बाजारातली गिऱ्हाइकं टिपून ठेवली. ‘मास ऑब्झर्व्हेशन’ नावाच्या पाहणीसाठी हे काम चाललं होतं. कॅमेरा कोटाखाली लपवून तो फिरायचा, त्यामुळे कुणी सावरून उभं राहिलेलं नाही. त्यातली शेकडो छायाचित्रं बोल्टनच्या संग्रहालयानं जपली आहेत. एकदा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाचं जुनं चित्र मी न्याहाळत होतो, तर शेजारचे एक आजोबा बोट टेकवून सांगू लागले : हे दार शेजारच्या चांभाराचं, ती पायरी झिजलेली होती, माझी आई तिथे बसायची. छापील माहितीत ती पायरी नव्हती. ग्रंथालयातल्या बाईंनी लगेच वही काढून ते लिहून घेतलं.

लँकेशायरमधल्याच ब्लॅकबर्नची गोष्ट तर विलक्षण आहे. मिचेल आणि केन्यन हे दोघे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गिरण्यांच्या फाटकासमोर चलच्चित्र कॅमेरा लावायचे. भोंगा झाला की शाली पांघरलेल्या बायका, लाकडी तळाचे बूट घातलेली पोरं लोंढ्यानं बाहेर पडायची. मग जत्रेच्या तंबूत तेच दाखवायचं, म्हणजे लोक स्वतःला बघायला तिकीट काढून येणार! हे सगळं धंद्यासाठी केलेलं. पुढे ते विसरलं गेलं. १९९४ मध्ये त्यांच्या जुन्या दुकानाच्या तळघरात पत्र्याच्या पिंपांत आठशेहून अधिक रिळं सापडली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं ती दुरुस्त करून जतन केली.

मी स्वतः रेल्वेतला. कल्याणच्या यार्डात आम्ही ज्याला ‘खेकडा’ म्हणायचो, ते बोरघाट चढणारं जुनं विजेचं इंजिन ज्यांनी पाहिलं, त्यांना त्याचा विव्हळल्यासारखा आवाज आठवत असेल. लँकेशायर हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला तो अशाच एका इंजिनाच्या बनावटीच्या पाटीवर. एकूण ४१ खेकड्यांपैकी ३१ तेव्हाच्या लँकेशायरमधल्या न्यूटन-ले-विलोज इथल्या व्हल्कन फाउंड्रीत तयार झाले. १८३० चा हा कारखाना. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीची इंजिनंही तिथलीच. त्या काळी कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या इंजिनाला फोटोपुरता करडा, बिनचमकीचा रंग देत. काळ्या चकाकत्या रंगात रिव्हेट, पाइप, साइड रॉड काही उठून दिसत नाही, करड्यात प्रत्येक बोल्ट मोजता येतो. फोटो झाला की मग खरा रंग. एका फोटोसाठी अख्खं इंजिन रंगवायचं, ही निगुती असल्या जुन्या फोटोत बघून मी त्यापुढेच बराच वेळ थांबलो होतो. २००२ मध्ये व्हल्कन बंद झाला, आता तिथे घरांची वसाहत आहे. कारखाना कसा होता, हे नव्या पिढीला कळायला त्या छायाचित्रांवाचून दुसरा उपाय नाही.

आमच्या शेडचाही एक समूहफोटो होता, खेकड्यापुढे उभे असलेले साठेक जण. मागे नावं लिहिलेली नव्हती. आज माझ्याकडच्या प्रतीत मला जेमतेम वीस माणसं ओळखता येतात आणि विचारायला त्यातलं कुणी फारसं उरलेलं नाही. म्हणून हा जीव तुटतो.

तेव्हा विनंती एवढीच की, येत्या रविवारी ते छायाचित्र न कापता, पूर्ण छापावं. खाली गाव, गिरणी आणि तारीख द्यावी आणि ‘स्थानिक महिला’ असं मोघम न लिहिता ‘गिरणी कामगार महिला’ असं लिहावं.

– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, कल्याण