आश्विनीला मी केळशीला असेन

ठाणे,
आश्विन शुद्ध पंचमी

ती. आई आणि ती. बाबा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, यंदाच्या कोजागिरीला मी घरी येणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते आहे, कारण चार ओळी खुशालीच्या लिहून मग सांगितले असते, तर आई, तू पत्र अर्ध्यावर खाली ठेवून बाबांच्या तोंडाकडे पाहिले असतेस. फोनवर सांगावे असेही मनात आले होते. पण फोनवर तू "बरं" एवढेच म्हणतेस आणि फोन बाबांच्या हाती देतेस, बाबा पावसापाण्याची चौकशी करतात, आणि बोलायचे ते दोन्हीकडे तसेच राहून जाते.

पौर्णिमेच्या रात्री दापोलीच्या वसतिगृहातल्या आम्ही मैत्रिणी केळशीच्या किनाऱ्यावर तंबू लावून राहणार आहोत. रजा मंजूर झाली आहे, तंबूंचे पैसे भरून झाले आहेत, म्हणजे बेत ठरला आहे. परवानगी मागण्यासाठी हे पत्र नाही, पण तुम्हाला न सांगता जाणे मला जमणारे नाही. दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला न परतता तिथूनच सरळ घरी येईन आणि गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, भाताची कापणी उरकेपर्यंत राहीन.

कारणे पुष्कळ आहेत. सगळ्यांच्या सुट्ट्या एका दिवशी जुळणे आता किती कठीण झाले आहे ते तुम्ही जाणता; कोणाच्या घरी परीक्षा, कोणाच्या घरी सासूबाईंचे आजारपण. पाऊस सरल्यावर आणि दिवाळीची धावपळ सुरू होण्याआधी हाच एक मोकळा आठवडा मिळाला. शिवाय आमच्यातली ती (आई, तुला ठाऊक आहे कोण, तिच्यासाठी तू गेल्या वर्षी नवस बोलली होतीस) आता उपचारांतून बाहेर आली आहे आणि समुद्रावरचा कोजागिरीचा चंद्र पाहण्याची इच्छा तिनेच बोलून दाखवली. पण तिचे नाव पुढे करून मी मोकळी होणार नाही. मलाही जायचे आहे. कित्येक वर्षांत मी कोणाच्या कामासाठी, कोणाच्या लग्नाला किंवा कोणाला दवाखान्यात न्यायला म्हणून नव्हे, तर केवळ मला हवे म्हणून कुठे गेले नाही, आणि ही इच्छा तुमच्यापासून लपवावी अशी मला वाटत नाही.

तंबू म्हटल्यावर तुम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर काय उभे राहील ते मला दिसते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. केळशी हे आमच्यातल्या एकीचे माहेर आहे. त्यांची वाडी किनाऱ्याला लागून आहे, आणि वाडीचा गडगा संपतो तिथून पुढे सुरूच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत आम्ही तंबू लावणार आहोत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्यांच्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, तीच ही वाडी. स्नानगृह आणि संडास घरातलेच वापरायचे आहेत, संध्याकाळचे जेवण तिच्या आईच्या हातचे आहे, आणि तिचा भाऊ त्या रात्री मुद्दाम पडवीत झोपणार आहे. अंथरायला जाड चटया आहेत. तंबूला वरून दुसरे आच्छादन असते, त्यामुळे पहाटेचे दव आत उतरत नाही. आई, कानाला बांधायला तू दिलेला लोकरीचा रुमाल मी घेतला आहे. दुपारच्या उन्हात फिरायचे नाही हेही ठरले आहे. आश्विनातले कोकणातले ऊन काय असते ते मला नव्याने सांगायला नको. नारळाच्या झाडाखाली एकही तंबू लागणार नाही, हे मी सर्वांकडून आधीच कबूल करून घेतले आहे.

बाबा, आता समुद्राविषयी. तुम्ही मला तिथीची पाऊणपट करायला शिकवले होते ते मी विसरलेले नाही. पौर्णिमेची पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पूर्ण भरती रात्री अकरा-बाराच्या सुमारास येणार आणि पहाटे सहाच्या आगेमागे पाणी पुरते ओसरलेले असणार. त्यातही ते उधाण असणार. म्हणून पुळणीवर भरतीने आणून टाकलेल्या काटक्या-शेवाळाची जी सर्वांत वरची रेघ असते, तिच्याही बऱ्याच वर, वाडीच्या बाजूला तंबू राहतील. उधाण पौर्णिमेच्या दिवशी संपत नाही, पुढचे एक-दोन दिवस पाणी आणखी चढू शकते, असे तुम्ही सांगत असा. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारीच तिथून निघणार आहोत. ओहोटी लागलेली असताना कोणीही पाण्यात उतरायचे नाही आणि अंधार पडल्यावर तर पाऊलही ओले करायचे नाही, असा नियम मी घातला आहे आणि तो पाळवून घेणारीही मीच आहे.

वादळाची भीती तुम्ही तोंडाने बोलणार नाही, पण ती तुमच्या मनात येईल. अरबी समुद्रातली वादळे पावसाळ्याच्या आधी जशी येतात तशी पावसाळा सरल्यावरही येतात. नोव्हेंबर 2009 मधले फयान आपल्या घराने कसे काढले ते मी कधी विसरू शकेन असे मला वाटत नाही. बापूकाकांची होडी लागेपर्यंत तुम्ही बंदरावरून हलला नाहीत आणि आईने चूल पेटवली नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये क्यार वादळ किनाऱ्यापासून दूर राहूनही कापलेले भात भिजवून गेले, तेही डोळ्यांसमोर आहे. म्हणून आधीचे दोन दिवस हवामान खात्याचा अंदाज पाहायचा आणि मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा असेल तर तंबू उघडायचेच नाहीत, माजघरात पथाऱ्या टाकायच्या, असे ठरले आहे. याबाबत माझ्याशी वाद घालणारी एकही मैत्रीण त्यांत नाही.

विंचू-किरडवाची काळजी आईला असणार. फुरसे दगडांच्या फटीत आणि गडग्यात बसते, म्हणून तंबू गडग्यापासून दूर राहतील, बूट घालण्यापूर्वी झटकायचे आणि रात्री बॅटरीशिवाय उठायचे नाही. आमच्यातली एक परिचारिका आहे. तिने जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरची लस आहे याची चौकशी करून ठेवली आहे. ही एकच लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. विंचवाचे म्हणशील, तर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचूदंशाने माणूस दगावण्याचे प्रमाण फार घटले आहे. आजीच्या वेळचे दिवस आता राहिलेले नाहीत, आई.

आता जे लिहायला मला सर्वांत जड जाते आहे ते लिहिते. त्या दिवशी आश्विनी आहे. थोरले अपत्य म्हणून तू मला ओवाळतेस, आणि परगावी असतानासुद्धा त्या दिवसासाठी मी रात्रीची गाडी धरून आले आहे. लहानपणी मी चंद्र वर येण्याची वाट पाहता पाहता अंगणातल्या चटईवर झोपून जात असे आणि तू मला न उठवता, बाबांच्या मांडीवर माझे डोके ठेवून, झोपेतच ओवाळत असस. निरांजनाची ऊब गालाला लागली की मी डोळे किलकिले करत असे आणि पुन्हा मुद्दाम मिटून घेत असे, कारण ओवाळून झाल्यावर तू कपाळावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडायचीस, ते मला जागेपणी मिळाले नसते असे वाटायचे. धाकटा त्या दिवशी रुसून बसायचा आणि त्याला दुधाचा दुसरा पेला द्यावा लागायचा. हे सगळे सोडून मी जाते आहे हे मला कळते. भाऊबीजेला भाऊ परगावी असला तर बहीण चंद्राला ओवाळते, तसे तू या वेळी मला चंद्राकडे पाहून ओवाळशील का? आणि ते तुला रीतीला धरून वाटत नसेल, तर मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोहोचल्यावर पाट मांड, मी नवी साडी नेसून बसेन. तिथी टळली म्हणून ओवाळणे वाया जाते असे मला वाटत नाही, पण तुला जे योग्य वाटेल तेच कर. वाईट मात्र वाटून घेऊ नकोस.

दाराला नवे, म्हणजे नव्या पिकाची जुडी, बांधण्याचेही त्याच दिवशी असते. बाबा, भाताच्या लोंब्या, नाचणीची कणसे, आंब्याची पाने आणि कुर्डूची फुले तुम्ही निवडून ठेवा, जुडीही तुमच्याच हातची असू द्या, पण ती बांधायला स्टुलावर चढू नका. मधल्या आळीतल्या वहिनींच्या मुलाला मी कळवले आहे, तो सकाळीच येईल. त्याला परत पाठवू नका आणि तो येण्याआधी उरकूनही टाकू नका. देवघराच्या दारावरचे लहान नवे खालून हात पुरतो, ते तेवढे तुम्ही बांधा.

हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताच्या कापणीला या वर्षी गडी सांगितलेले आहेत आणि त्यांची मजुरी मी पाठवली आहे. तुम्ही बांधावर उभे राहून सांगायचे, विळा हातात घ्यायचा नाही. खालच्या दळ्यात अजून पाणी साचलेले असेल. तिथे अनवाणी उतरू नका, गमबूट माळ्यावरून काढून माजघरात ठेवला आहे असे आईच म्हणाली होती. तुमच्या टाचांना भेगा आहेत, आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू उंदरांच्या मुतातून अशाच साचलेल्या पाण्यात येतात आणि भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. कापणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर घरातली गोळी घेऊन दोन दिवस वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे आणि शेतात उतरलो होतो हे त्यांना आपणहून सांगायचे. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही हेही त्यांनाच विचारा. शेजाऱ्यांकडची उरलेली पाकिटे घेऊ नका. भारे उचलताना हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. फुरसे पेंढ्यातही बसते. आणि देव न करो, पण कोणाला दंश झालाच, तर आवळून बांधणे, ब्लेडने चिरणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ घालवू न देता सरळ रुग्णालयात न्यायचे. तुमचा शब्द वाडीत मानला जातो, म्हणून हे तुमच्याकडून सांगितले गेलेले बरे.

आई, कोजागिरीचे दूध तू करशीलच, केशर, चारोळी, जायफळ सगळे घालून कर, कमी करू नकोस. पण तुझा पेला साखर घालण्याआधी बाजूला काढ. एक दिवस चालते असे तू म्हणशील, आणि गणपतीतही तू तेच म्हणाली होतीस. बाबांची रक्तदाबाची गोळी जागरण असले तरी नेहमीच्या वेळीच द्यायची. मागच्या पायऱ्यांवर अजून शेवाळ असेल, तिथून रात्री तुळशीकडे जाऊ नकोस. पुढच्या दाराने वळसा घालून गेलीस तर गुडघ्यांना त्रास होईल हे मला मान्य आहे, पण तरीही पुढच्या दारानेच जा, आणि घाई करू नकोस. नवी बॅटरी पार्सलमध्ये पाठवते आहे. ती पाहुण्यांसाठी कपाटात ठेवायची नाही.

केळशीला फोनला रेंज काही ठिकाणी मिळते, काही ठिकाणी नाही. मैत्रिणीच्या घरचा क्रमांक मागे लिहिला आहे. पोहोचल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी मी तिथूनच फोन करेन. तो लागला नाही तर जागत बसू नका, उजाडल्यावर करेन.

दुसऱ्या दिवशी आंजर्ले, दापोली करत मी दाभोळला येईन आणि फेरीबोटीने धोपाव्याला उतरेन. बाबा, तुम्ही स्कूटर घेऊन धक्क्यावर येऊ नका. मोतीबिंदूचे ऑपरेशन होईपर्यंत अंधारात स्कूटर चालवायची नाही असे तुम्ही डॉक्टरांसमोर कबूल केले आहे, आणि संध्याकाळच्या फेरीला उशीर झाला तर परतताना अंधार होतोच. मी रिक्षा सांगून ठेवली आहे. जेवायला घरीच असेन. आई, कुळथाचे पिठले आणि भात पुरे, आणखी काही करत बसू नकोस.

तुमची,
ताई