तळमजला गाड्यांनी खाल्ला

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पेपरात रिडेव्हलपमेंटच्या जाहिरातींची पानंच्या पानं येतात, ती बघून हे लिहायला बसले. मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, डिसेंबरात आम्ही स्टडी टूरला क्वालालंपूर, बँकॉक आणि सिंगापूरला जाऊन आलो आणि खरं सांगते, पहिले दोन दिवस मी नुसती मान वर करून फिरत होते.

क्वालालंपूरचे जुळे पेट्रोनास टॉवर बघितले, ४५२ मीटर, फोटो काढले, विषय संपला. पण तिथून जवळच कांपुंग बारू म्हणून जुनी मलय वस्ती आहे, लाकडी घरं खांबांवर उभी, खाली मोकळी जागा, तिथे स्कूटर, वाळत घातलेले कपडे, बसायला बाकडं, आणि छपराच्या मागून तेच दोन टॉवर डोकावतायत. बँकॉकचं तर विचारूच नका. एरावनच्या चौकात वर स्काय ट्रेनचे रूळ, आजूबाजूला मॉल, आणि कोपऱ्यावर चक्क आपल्या ब्रह्मदेवाचं देऊळ! हॉटेल बांधताना विघ्नं येत होती म्हणून १९५६ मध्ये बसवलेलं. झेंडूच्या माळांचा ढीग, आणि ऑफिसला निघालेली माणसं वरच्या स्कायवॉकवरूनच हात जोडून पुढे सटकतात. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ शोधायला पुष्करला जावं लागतं.

पण डोक्यात बसलं ते सिंगापूर, आणि ते सुद्धा मरीना बेचा चकचकीत भाग वगैरे नाही, तर तोआ पायोह नावाच्या वस्तीतल्या सरकारी बिल्डिंगी. सिंगापूरची जवळपास ८० टक्के जनता अशा सरकारी घरांत राहते, ९९ वर्षांच्या लीजवर. या बिल्डिंगींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथेच मलय लोकांची लग्नं लागतात, चिनी लोकांच्या मयताचे विधी पण तिथेच, एरवी सिमेंटच्या टेबलावर म्हातारे पट मांडून बसलेले. स्वर्ग नाहीये तो, बॉल खेळू नका अशा पाट्या आहेतच (ते वाचून मला आमच्या सोसायटीची आठवण आली!). पण जागा ठेवलीय ना माणसांसाठी.

आमची पुण्यातली तीन मजली बिल्डिंग पाडून आता अकरा मजली झालीय, खालचे दोन मजले नुसतं पार्किंग. प्लॅन दाखवायला आले तेव्हा प्रत्येकाने गाड्या किती बसतील तेच विचारलं, आमच्या घरचे पण त्यातच, मी पण तेव्हा गप्पच होते. आधी जिन्याच्या पायरीवर आजी आणि शेजारच्या काकू मटार सोलत बसायच्या. आता आजी संध्याकाळी खाली येते आणि वॉचमनच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते, कोणी गाडी रिव्हर्स घेतली की उठते, खुर्ची सरकवते, परत बसते.

– आर्किटेक्चरची एक विद्यार्थिनी, पुणे