अपरिचित खानदेशाच्या यादीत फडाचे बंधारेही हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की खानदेशातल्या 'न पाहिलेल्या' ठिकाणांच्या याद्या छापून येतात. लळिंग, थाळनेर, बळसाण्याची देवळे, पाटणादेवी, फारकांड्याचे झुलते मनोरे, उनपदेवचे गरम पाणी. नावे बहुतेक ठरलेली असतात आणि ती असायलाच हवीत. पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाला दान दिल्याची नोंद आहे, हे धुळे-जळगावातल्याही किती जणांना ठाऊक असते? पण साक्री तालुक्यात पांझरा आणि कान नद्यांच्या खोऱ्यातले फडाचे बंधारे, म्हणजे नदीचे पाणी कालव्याने शेतांच्या सामाईक गटांकडे (फडांकडे) वळवणाऱ्या जुन्या दगडी भिंती, या याद्यांत कधी दिसत नाहीत. ही पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. तिकडे सटाणा-मालेगावच्या बाजूला मोसम आणि आरम नद्यांवरही ती आहे.

बंधारा पाहताना आधी त्याची रेषा पाहावी. पात्रात खडक जसा उघडा आहे तसा तो वाकडातिकडा गेलेला असतो, कारण पायाचे काम खडकच करतो. उंची कुठे कमरेएवढी, कुठे दोन पुरुषांहून जास्त. दगड आणि चुना, बस्स. दारे नाहीत की फळ्या नाहीत. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याआधी काढा, पाऊस सरताना पुन्हा बसवा, आणि त्यात आठवडा चुकला की पाणी निघून गेले. फळ्या चोरीला जातात ते वेगळेच. फडाचा बंधारा पूर डोक्यावरून जाऊ देतो आणि नदी उतरली की तिची धार काठाच्या कालव्याकडे वळवतो. पाणी साठवणे हे त्याचे काम नाही, म्हणूनच मागे गाळ भरला तरी तो निकामी होत नाही.

कालवा दोनापासून दहा-बारा किलोमीटरपर्यंत जातो. कालव्यातून चारी, चारीतून सारंग, सारंगातून शेत. वाटेत सांडवे असतात. जादा पाणी त्यांतून परत नदीला मिळते, उभ्या पिकात घुसत नाही.

खरी गंमत मात्र जमिनीच्या वाटणीत आहे. बंधाऱ्याखालचे भिजक्षेत्र तीन-चार फडांत विभागलेले असते. एका फडात एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखे हंगामी, तिसऱ्यात बाजरी-ज्वारी, एखादा पडीक, आणि हे दरवर्षी फिरते. मूळ रचनेत प्रत्येक खातेदाराची पट्टी प्रत्येक फडात. नदीला पाणी किती राहील ते पाहून बागायतदारांची कमिटी हंगामाआधीच ठरवते की यंदा किती फड भिजवायचे. पाणी कमी असेल तर एकच फड भिजतो, पण त्यात सगळ्यांचा तुकडा असतो. टंचाई अशी आपोआप सारखी वाटली जाते. भरणे, म्हणजे पिकाला पाणी देणे, शेतकऱ्याने स्वतः करायचे नाही, ते पाटकऱ्याचे काम. पाटकऱ्यांवर हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या.

एका फडात एकच पीक हा हट्ट नाही. उसाला आठ-दहा दिवसांनी पाणी लागते, हरभऱ्याला पुऱ्या हंगामात दोन-तीन पाळ्या पुरतात. हरभऱ्याच्या फडात मधेच कुणी ऊस घातला की शेजारच्या पट्टीत ओल उतरते. हरभरा नुसता माजतो, घाटे धरत नाही, नाहीतर मर रोग लागतो. पट्ट्या लांब आणि अरुंद असल्याने नुकसान एका शेजाऱ्यावर थांबत नाही.

हे मोडते कुठे, तेही लिहायला हवे. जमिनी विकल्या गेल्या आणि नव्या मालकाची जमीन एकाच फडात राहिली, की दुसरा फड भिजला काय आणि कोरडा राहिला काय, त्याला सारखेच. वर धरणे झाल्यावर पाणी आवर्तनाने, एकदम येते. फडाला हवी असते बारीक पण अखंड धार. कालव्यालाच मोटार लावली की शेवटच्या सारंगाला पाणी पोचत नाही. मग शेवटचे लोक गाळ काढायला येणे बंद करतात आणि दोन-चार हंगामांत कालवा काटेरी झुडपांनी बुजतो. विहिरी आहेत, कालव्याची गरज काय, असेही ऐकू येते. त्या विहिरींना झरा कालव्याच्या पाझराचा आहे, तो कालवा बंद पडल्यावर कळतो.

बंधाऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान दोन गोष्टींनी होते. पहिली वाळूउपसा. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाची वाळू गेली की पुराचे पाणी थेट पायथ्यावर आदळते, जिथे खडक सलग नाही तिथे दगडाखालची माती निघते आणि भिंत पुढे कलते. दुसरी 'दुरुस्ती'. चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा चढवतात. चुना थोडा हलतो, श्वास घेतो. सिमेंट ताठ राहते आणि तडकते. फटीतून शिरलेले पाणी आत अडकते, चुना भुसभुशीत होतो, आणि एका मोठ्या पुरात गिलाव्यासकट दगड निघून येतात. दुरुस्ती चुन्यातच व्हावी आणि माथ्याची उंची वाढवू नये. वाढवली की फुगवट्याचे पाणी काठ फोडून बंधाऱ्याला वळसा घालते.

ज्यांना पाहायला यायचे आहे त्यांनी कार्तिक ते माघ या दिवसांत यावे. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली असतो, चैत्रानंतर कालवा बहुधा कोरडा. धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याने साक्री, तिथून पिंपळनेर. फडाचे सामोडे गाव लागूनच आहे. बंधाऱ्यापासून सुरुवात करून कालव्याच्या काठाने शेवटच्या सारंगापर्यंत चालत जावे, उलटे नको, म्हणजे उतार लक्षात येतो. माथ्यावर शेवाळ असते, त्यावरून पलीकडे जाण्याचा मोह टाळावा. आणि सारंगाच्या तोंडाशी लावलेला मातीचा बांध पायाने उकरू नये, पाटकऱ्याची सगळी पाळी बिघडते.

आपले,
पांझरा-कान काठचे काही फड बागायतदार,
ता. साक्री, जि. धुळे