आप्पांच्या पंच्याहत्तरीची वरण-बट्टी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

आप्पांच्या पंच्याहत्तरीला बंगळुरात घरीच वरण-बट्टी करायची ठरवलीस, हे वाचून फार आनंद झाला. पनीर आणि पुलाव त्यांनी मुकाट्याने खाल्लाही असता, पण खानदेशातल्या यावलकडच्या माणसाचं त्याने पोट भरत नाही. हे तुला मी वेगळं सांगायला नको.

तू विचारलंस की पाकिटातलं पोळ्यांचं पीठ चालेल का. नाही चालणार, आणि याच एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. बट्टी बिघडते ती दळणात, बाकी सगळं नंतर सावरता येतं. बारीक पिठाला मळताना ताण येतो आणि बट्टी आतून चिवट होते. भरड पीठ पाणी सावकाश पितं, मोहनाचं तेल त्याच्या कणांना धरून राहतं, म्हणून तळलेली बट्टी दोन बोटांत दाबली की फुटते. फुटायलाच हवी, नाहीतर वरण मुरणार कुठे?

वीस माणसांना दोन किलो लोकवन गहू आणि अर्धा किलो मका एकत्र करून रवाळ दळून आण. मक्याने खुसखुशीतपणा येतो. काही घरांत मूठभर हरभरा डाळही घालतात, पण आप्पांच्या घरी घालत नसत असं मला आठवतं. काकूंना विचारून बघ. पिठात मीठ, हळद, जिरं आणि तळहातावर चोळलेला ओवा घाल. किलोला साधारण पाऊण वाटी तेल, कडकडीत तापवून. सगळं चोळून झालं की मूठ वळून बघ, पिठाचा मुटका टिकला तर मोहन पुरेसं आहे. सोडा मी घालत नाही. मोहन नीट असेल तर त्याची गरज पडत नाही, आणि घातला की बट्टी तेल फार पिते. पाणी कोमट घे आणि पोळीच्या कणकेपेक्षा बरंच घट्ट मळ. अर्धा तास झाकून ठेव.

मग मुठीएवढे गोळे करून तेल लावलेल्या चाळणीत वाफवायचे. वीस-पंचवीस मिनिटांनी सुरी घालून बघ, कोरडी निघाली की झाले. आता इथे घाई करू नकोस. गोळे पूर्ण गार होऊ दे, मगच चार-चार फोडी कर; गरम असताना कापलेस तर भुगा होतो. आदल्या रात्री उकडून ठेवलेस तरी चालतं, उलट कापायला सोपे जातात. तळायच्या मात्र पंगत बसताना, मध्यम आचेवर, कापलेली बाजू तांबूस होईपर्यंत. आतून आधीच शिजलेल्या असल्यामुळे तेलात फार वेळ लागत नाही.

तुझ्या शेजाऱ्यांनी राजस्थानी बाटीची आठवण काढली, म्हणालास. नातं आहेच. पण ती बाटी थेट निखाऱ्यात भाजतात, आणि माळव्यातला बाफला आधी पाण्यात उकळून मग भाजतात. आपली बट्टी मला बाफल्याच्या जवळची वाटते. सातपुडा ओलांडला की निमाड, त्याच्या पुढे माळवा, आणि एकेकाळी खानदेशाची राजधानी असलेलं बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. सीमा नंतर आल्या, चुली आधीच्या. विदर्भातले रोडगे आणखी वेगळे, आत तेलाचे पदर दिलेले आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. शेतात, मळ्यातल्या भंडाऱ्यात आपणही आर करायचो; त्या धुराचा वास फ्लॅटमध्ये येणार नाही, त्याची खंत करू नकोस.

वरण तुरीचंच, घट्ट, हिंग-हळद घातलेलं. लसूण आणि लाल मिरचीची फोडणी वरून. वांग्याची भाजी मात्र घोटलेलीच हवी. हिरवी वांगी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कोथिंबीर. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथे मिळणार नाही, पण हिरवं, कमी बियांचं कुठलंही घे. वांगी शिजली की लाकडी रवीने किंवा पळीच्या पाठीने घोटून एकजीव कर. मिक्सर नको, त्याने भाजीची चटणी होते.

केळीची पानं तुझ्याकडे सहज मिळतील, ती अवश्य घे. यावल-रावेरच्या माणसापुढे केळीचं पान आलं की अर्धं जेवण तिथेच झालं. बट्टी पानात हाताने चुरायची, वर वरण, मग तूप, लिंबू. तूप वाढणारा हात आखडता नको. शेवटी आप्पांना थोडी बट्टी गूळ-तुपात कालवून दे, भात वाढायच्या आधी.

दळण तिथे कोणी नीट भरड करून देत नसेल तर मी इथल्या गिरणीतून काढून पाठवतो. मक्याचं पीठ जास्त दिवस राहिलं की कडसर लागतं, म्हणून निघायच्या दोन दिवस आधीच दळेन. तारीख आणि माणसांचा नक्की आकडा कळव. घोटायची रवी तुझ्याकडे आहे का, तेही लिही; नसेल तर पिठाच्या पिशवीतच टाकतो.

काकूंना आणि आप्पांना नमस्कार.

तुझा,
प्रमोद