कात्रणावर चिठ्ठी कोण लावणार?

मा. संपादक,
स. न.

मंगळवारच्या अंकात पान ७ वर मधुमेहाच्या गोळीची जी बातमी आहे, तिच्यातलं एक वाक्य कालपासून माझ्या डोक्यातून जात नाही. ‘मेडआर्काइव्ह या प्रतिष्ठित जर्नलमध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आहे.’ मेडआर्काइव्ह हे जर्नल, म्हणजे तपासून शोधनिबंध छापणारं नियतकालिक, नाही. संशोधकांनी आपला मजकूर छापण्याआधी सगळ्यांसमोर ठेवावा म्हणून २०१९ साली सुरू झालेलं ते संकेतस्थळ आहे. अशा मजकुराला प्रीप्रिंट म्हणतात. तिथे वरवरची पाहणी होते. पण पद्धत बरोबर आहे का, आकडे जुळतात का, हे त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकारांनी तपासणं, म्हणजे पिअर रिव्ह्यू, अजून व्हायचं असतं. तिथे प्रत्येक लेखाच्या वरच स्पष्ट सूचना असते की याची तपासणी झालेली नाही, यावरून रुग्णांवरचे उपचार ठरवू नयेत. आपल्या वार्ताहरांनी लेख उघडला असता तर ही सूचना त्यांना पहिल्यांदा दिसली असती.

एका शब्दासाठी एवढा राग का, असं आपल्याला वाटेल. कारण माझ्या घरातलं आहे.

एप्रिल २०२१. इथे बडोद्यातच, कारेलीबागेत माझ्या थोरल्या भावाला ताप आला. त्याच्या कपाटाच्या दाराला आतून आपल्याच दैनिकातलं एक कात्रण चिकटवलेलं होतं: आयव्हरमेक्टिनने कोरोनाचे मृत्यू नव्वद टक्क्यांनी घटतात, ‘संशोधनातून सिद्ध’. दादाने गोळ्या मागवल्या आणि दवाखान्यात जायची गरज नाही म्हणून बसला. वहिनी रडून सांगत होती, मी फोनवर सांगत होते, तो म्हणायचा, पेपरात आलंय, मी काही व्हॉट्सअ‍ॅपवरचं सांगत नाही. पाचव्या दिवशी ऑक्सिजन ८४ वर आला तेव्हा त्याला नेलं. तो वाचला, पण जिना चढताना अजून मधे थांबतो. गोळीने त्याचं बिघडलं असं मी म्हणत नाही. पाच दिवस गेले ते त्या ‘सिद्ध’ या शब्दावर विसंबून गेले.

तो अभ्यास इजिप्तमधला होता आणि रिसर्च स्क्वेअर या संकेतस्थळावर ठेवलेला प्रीप्रिंटच होता. लंडनमधल्या एका विद्यार्थ्याने त्याची आकडेवारी उघडून पाहिली. अभ्यास सुरू होण्याच्या आधीच वारलेले रुग्ण त्यात मोजलेले दिसले, काही मजकूर दुसरीकडून उचललेला निघाला. जुलै २०२१ मध्ये तो काढून टाकला गेला. मार्च २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या १३५८ रुग्णांची चाचणी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये रीतसर तपासून छापली गेली, तिच्यात या गोळीने रुग्णालयात भरती व्हायची वेळ टळत नाही असंच दिसलं. यातली एक ओळही आपल्या दैनिकात मला सापडली नाही. मी रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते.

मी बडोद्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ३१ वर्षं नियतकालिकांचा विभाग सांभाळला. एखादा शोधनिबंध मागे घेतल्याची सूचना नव्या अंकात आली की आम्ही जुना बांधीव खंड फडताळातून काढायचो आणि मूळ लेखाच्या पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवायचो: ‘हा लेख मागे घेण्यात आला आहे, अमुक अंक पाहा.’ तो खंड पुन्हा कोणी मागेल की नाही याचा विचार करायचा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून ज्या गावात ग्रंथालयं उभी केली, तिथे हे काम शिकल्याचा मला अभिमान आहे.

प्रीप्रिंट वाईट असतात असं माझं म्हणणं मुळीच नाही. भौतिकशास्त्रवाले १९९१ पासून असेच लेख एकमेकांना दाखवत आले आहेत. रशियन गणिती पेरेलमनने गणितातलं शंभर वर्षं अडलेलं पॉइनकारे यांचं अनुमान सोडवलं ते २००२-०३ मध्ये प्रीप्रिंट म्हणूनच ठेवलं, जर्नलकडे पाठवलंच नाही. आणि तपासणी झाली म्हणजे सगळं बरोबर, असंही नाही. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला, कोरोनासाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाचा ९६ हजार रुग्णांचा लेख २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घ्यावा लागला. पण तो मागे घेतला, तारीख घालून, सगळ्यांना दिसेल असा. वर्तमानपत्राला ही सोय का नसावी?

माझी मागणी दोन ओळींची आहे. संशोधनाच्या बातमीत वरच लिहा की हे प्रीप्रिंट आहे की तपासून छापलेलं, आणि कुठे. मागे घेतलं गेलं तर तेही छापा, त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात.

आणखी एक. त्याच अंकात छोट्या जाहिरातींत ‘शोधनिबंध सात दिवसांत प्रसिद्ध करून मिळेल’ अशी जाहिरात आहे. सात दिवसांत कोण वाचतं, कोण तपासतं? माझ्या भाचीने पीएच.डी.च्या वेळी अशाच एका ठिकाणी ४,५०० रुपये भरले. निबंध तिसऱ्या दिवशी ‘स्वीकारला’ गेला, तिच्या मार्गदर्शकांनी तो मोजायला नकार दिला, आणि पोरीला पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागलं. ही जाहिरात घेणं बंद करा.

दादाच्या कपाटातलं ते कात्रण अजून तिथेच आहे. परवा गेले होते तेव्हा मी त्यावर जुन्या सवयीने चिठ्ठी लावली: ‘मूळ लेख काढून टाकण्यात आला, जुलै २०२१.’ त्याखाली ‘अमुक अंक पाहा’ लिहायला गेले, तर आपला अंकच नाही. ती जागा मी मोकळी ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय सहायक,
दांडिया बाजार, बडोदा