आधी गाडी बघायची

फिलाडेल्फिया,
दि. ३० मे

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. उद्यमनगरातली जागा भाड्याने न देता तुम्ही अजून सकाळी तासभर गॅरेज उघडून बसता हे वाचून फार बरे वाटले. इथे सुट्टीच्या दिवशी मी काय करते, असे तुम्ही विचारले होते. त्याचे उत्तर दोन ओळींत देता आले असते, पण गेले काही महिने डेव्ह मॅकडोनाल्ड नावाच्या एका जुन्या अमेरिकन शर्यतपटूने माझे डोके व्यापले आहे आणि त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे घरातले माणूस म्हणजे तुम्हीच.

आमच्या विमानतळापासून जवळ सिमिओन फाउंडेशनचे मोटारींचे संग्रहालय आहे. फ्रेड सिमिओन नावाच्या मेंदूच्या शल्यचिकित्सकांनी आयुष्यभर शर्यतीच्या स्पोर्ट्स कार जमवल्या आणि त्यांतून ते उभे राहिले. तिथली रीत तुम्हाला पटेल. शक्य असेल तिथे जुन्या गाडीला नवा रंग चढवायचा नाही, पोचे काढायचे नाहीत, शर्यतीतून ती जशी बाहेर आली तशीच ठेवायची. तिथे एक निळी गाडी आहे, शेल्बी कोब्रा डेटोना कूपे, चॅसी क्रमांक सीएसएक्स २२८७. अशा एकूण सहाच गाड्या बनल्या. त्यांतली ही पहिली आणि एकटी कॅलिफोर्नियात, शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या कारखान्यात पूर्ण झालेली. बाकी पाचांची बॉडी इटलीत मोडेना इथे तयार झाली. अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत २०१४ साली जी पहिली नोंद झाली, ती याच गाडीची.

मी तिच्याभोवती पहिल्यांदा फिरले तेव्हा तुमच्यासारखीच वाकून पाहत होते. ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकलेला आहे, आणि उजेड तिरपा पडला की कुठे हातोडी जास्त चालली ते कळते. एक्झॉस्टचे पाइप दारांखालून, बाजूने बाहेर येतात. पाठीमागचा भाग निमुळता होत जाण्याऐवजी सुरीने कापल्यासारखा एकदम सरळ संपतो. पीटर ब्रॉक या तरुण आरेखनकाराने तो तसा काढला तेव्हा कारखान्यातल्या बऱ्याच जणांना ते पटले नव्हते. पण शेल्बीची आधीची उघड्या टपाची कोब्रा लांब सरळ रस्त्यावर वाऱ्यालाच अडून राहत असे, आणि तेच ४.७ लिटरचे फोर्ड इंजिन या बॉडीत बसवल्यावर वेग कितीतरी वाढला. बॉनेटखाली वेबरचे चार कार्ब्युरेटर आहेत. चारही एका सुरात लावायला किती वेळ लागत असेल, हे तुम्हाला मी काय सांगावे!

या गाडीच्या माहितीफलकावर १९६४ सालच्या चालकांत डेव्ह मॅकडोनाल्ड हे नाव आहे. माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ नातवाला घेऊन उभे होते. त्यांनी त्या नावावर बोट ठेवून मुलाला सांगितले, "याने एडी सॅक्सला मारले." एवढेच बोलून ते पुढच्या गाडीकडे गेले. एडी सॅक्स हा आमच्या इथून तासाभराच्या अंतरावरच्या ॲलनटाउनकडचा शर्यतपटू. १९६१ च्या इंडियानापोलिस ५०० या पाचशे मैलांच्या शर्यतीत शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना झिजलेला टायर बदलायला तो थांबला आणि ए. जे. फॉइटच्या मागे दुसरा आला. तो बोलका आणि हसतमुख होता, आणि या भागात त्याच्यावर लोकांचा खरा जीव होता. त्यामुळे त्या गृहस्थांचा राग मी समजू शकते. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. त्या रात्री घरी येऊन मी वाचायला बसले, आणि तेव्हापासून वाचतेच आहे.

मॅकडोनाल्डचा जन्म २३ जुलै १९३६ चा, लॉस एंजेलिसजवळच्या एल मॉन्टेचा. १९५६ मध्ये कॉर्व्हेट घेऊन तो सरळ पट्ट्यावरच्या ड्रॅग शर्यतींत उतरला, १९६० पासून वळणाच्या ट्रॅकवर आला आणि चार वर्षांत सगळे आटोपले. त्या चार वर्षांतल्या त्याच्या छायाचित्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गाडी वळणात आडवी झालेली असते, मागची चाके बाहेर फेकलेली, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला वळवलेली आणि स्टिअरिंगवरचे हात अगदी निवांत. गाडीची शेपूट सुटली की बहुतेकांचा जीव घाबरा होतो. हा मात्र ती मुद्दाम सोडायचा आणि ॲक्सिलरेटरच्या दाबावर तोलून धरायचा. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या घाटात जीप घसरली तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, "ब्रेकला पाय लावू नको, जाऊ दे तिला, तू फक्त बरोबर राहा." मॅकडोनाल्ड पूर्ण शर्यत तशी चालवत असे. अमेरिकेत त्याला या घसरत्या वळणांचा उस्ताद म्हणत आणि त्याची ती ओळख होती.

ऑक्टोबर १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला कॅरोल शेल्बीची कोब्रा पहिल्यांदा शर्यतीत उतरली. ब्रिटिश एसी कंपनीची हलकी चॅसी आणि तिच्यात फोर्डचे व्ही-८ इंजिन. त्या दिवशी मॅकडोनाल्ड समोरच्या बाजूला, नव्या कॉर्व्हेट स्टिंग रेमध्ये होता. कोब्रा आघाडीवर होती, पण तिच्या मागच्या चाकाचा हब तुटला आणि ती बाद झाली. पुढे थोड्याच महिन्यांत शेल्बीने मॅकडोनाल्डलाच आपल्याकडे घेतले. जानेवारी १९६३ मध्ये त्याच रिव्हरसाइडला त्याने कोब्राला तिचा पहिला विजय मिळवून दिला. केन माइल्स दुसरा आला, तोही कोब्रातच. आज केन माइल्सचे नाव बऱ्याच लोकांना ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मला आनंदच आहे. पण त्या दिवशी त्याच्या पुढे कोण होता, हे कुणी सांगत नाही.

त्याच वर्षीचा ऑक्टोबर त्याच्या आयुष्यातला सर्वांत भरभराटीचा महिना. शेल्बीने कूपर मोनॅको या इंग्लिश गाडीत, चालकाच्या पाठीमागे, फोर्डचे इंजिन बसवले होते. तिला किंग कोब्रा म्हणत. रिव्हरसाइडच्या लॉस एंजेलिस टाइम्स ग्रां प्रीमध्ये जिम हॉलची नवी कोरी चापराल सर्वांत वेगवान होती, पण ती मध्येच बंद पडली. मॅकडोनाल्ड जिंकला आणि रॉजर पेन्स्के दुसरा आला. पुढच्याच रविवारी लगुना सेकाला मॅकडोनाल्ड पुन्हा जिंकला. पश्चिम किनाऱ्यावरच्या या दोन मोठ्या शर्यती, आठ दिवसांत, सत्तावीस वर्षांच्या पोराने! रिव्हरसाइडचा तो ट्रॅक १९८९ मध्ये बंद झाला. त्याच्या जागी आता मॉल आणि घरे आहेत.

आता संग्रहालयातल्या गाडीकडे येते. फेब्रुवारी १९६४ मध्ये डेटोनाच्या २००० किलोमीटरच्या शर्यतीत ती पहिल्यांदा उतरली. मॅकडोनाल्ड आणि बॉब होल्बर्ट आळीपाळीने चालवत होते आणि आपल्या गटात सर्वांच्या पुढे होते. मग मागच्या चाकांना फिरवणारे डिफरन्शियल तापू लागले. गाडी पिटमध्ये आली असताना पेट्रोल भरताना सांडले, आग लागली आणि एक मेकॅनिक भाजला. शर्यत तिथेच संपली. गाडी मात्र वाचली. तापलेल्या गाडीत पेट्रोल ओतायचे नाही, आधी बोनेटवर हात टेकवून पाहायचे, हा तुमचा नियम मला आठवला. गॅरेजच्या दारामागे ठेवलेल्या वाळूच्या दोन बादल्या आणि भिजवलेले गोणपाटही डोळ्यांपुढे आले. महिन्याभरात, मार्चमध्ये, हीच गाडी सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत उतरली. मॅकडोनाल्ड आणि होल्बर्ट यांनी तिला एकंदरीत चौथ्या क्रमांकावर आणि जीटी गटात पहिल्या क्रमांकावर आणले. पुढच्या वर्षी या कूपे गाड्यांनी फेरारीला मागे टाकून जागतिक विजेतेपद मिळवले, पण त्या प्रवासातला हा पहिला विजय. तो पाहिला की गाडीची पायाभरणी कुणी केली ते कळते.

काका, आता ३० मे १९६४ बद्दल लिहिते. आजचीच तारीख. इंडियानापोलिसला मॅकडोनाल्ड पहिल्यांदाच उतरला होता, आणि तोही मिकी थॉम्पसनच्या एका विचित्र गाडीतून. गाडी रुंद आणि बसकी होती, इंजिन मागे. आदल्या वर्षी थॉम्पसनने आपल्या गाड्यांना १२ इंचांची लहान चाके लावली होती. १९६४ साठी आयोजकांनी निदान १५ इंचांच्या चाकांचा नियम केला, म्हणून मूळ बेताला धक्का देऊन मोठी चाके बसवावी लागली. शिवाय वेग घेतला की गाडीचे नाक उचलले जाई. नाक उचलले की पुढच्या चाकांवरचे वजन जाते आणि स्टिअरिंग नुसते हातात राहते, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच संघातल्या एका अनुभवी चालकाने, मास्टन ग्रेगरीने, सरावातच ही गाडी सोडून दिली होती. त्या काळी इंडियानापोलिसला मिथेनॉल हे अल्कोहोलचे इंधन वापरणारे बरेच होते. पण ते पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट लागते, म्हणून इंधनासाठी कमी थांबावे लागावे या हिशेबाने काहींनी पेट्रोल भरले. मॅकडोनाल्डच्या गाडीत पेट्रोल होते आणि सॅक्सच्याही.

दुसऱ्या फेरीत चौथ्या वळणातून बाहेर पडताना मॅकडोनाल्डच्या गाडीची मागची बाजू सुटली. ती आतल्या भिंतीवर आदळली, टाकी फुटली, आणि पेटलेली गाडी घसरत पुन्हा ट्रॅकच्या मध्यभागी आली. मागून येणाऱ्यांना धूर आणि आगीखेरीज काही दिसत नव्हते. सॅक्सची गाडी तिच्यावर आदळली आणि तो जागीच गेला. दोन दिवसांपूर्वीच त्याला ३७ वे वर्ष पूर्ण झाले होते. एकंदर सात गाड्या त्यात सापडल्या. मॅकडोनाल्डने त्याच दुपारी रुग्णालयात प्राण सोडला. घरी बायको आणि दोन लहान मुले होती. अपघातामुळे इंडियानापोलिसची शर्यत थांबवावी लागली ती त्या दिवशी पहिल्यांदाच. पावणेदोन तासांनी ती पुन्हा सुरू झाली आणि फॉइट जिंकला.

हे वाचून झाल्यावर मला गॅरेजमधला तो दिवस आठवला, मी नववीत असतानाचा. गारगोटीकडून ओढून आणलेला ट्रक दारात उभा होता, आणि मालकासह चार माणसे ड्रायव्हरला शिव्या देत होती. तो बिचारा डोक्याला फडके बांधून पायरीवर बसला होता. तुम्ही कुणाशी काही बोलला नाहीत. गोणपाट अंथरून ट्रकखाली गेलात आणि मला बॅटरी धरायला लावलीत. बऱ्याच वेळाने चाके वळवणारा दांडा, म्हणजे टाय रॉड, तुटलेला हातात घेऊन बाहेर आलात. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा पडला होता आणि अर्धाच चकाकत होता, म्हणजे चीर जुनी होती. तो मालकाच्या हातात ठेवून तुम्ही म्हणालात, "आधी गाडी बघायची, मग माणसाला बोलायचं."

मॅकडोनाल्डच्या बाबतीत लोकांनी आधी माणसाला बोलून टाकले. नवशिका होता, उतावळा होता, पहिल्याच फेरीत गाड्या ओलांडत सुटला, असे लिहिले गेले. तो भराभर पुढे जात होता हे खरेच आहे, आणि मी त्याची वकिली करताना ते लपवू इच्छित नाही. शर्यतीला इतका अवधी असताना त्याने थोडे सबुरीने घ्यायला हवे होते, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण घसरणारी गाडी सांभाळणे हीच ज्याची विद्या, त्याच्या हातून जी गाडी सावरली गेली नाही, त्या गाडीविषयी आधी विचारायला नको का? आणि पेट्रोलच्या टाकीविषयीही? आयोजकांनी ते पुढे विचारले. १९६५ साठी नियम बदलले, दाबाने इंधन भरणे बंद झाले, प्रत्येक गाडीला निदान दोनदा थांबणे सक्तीचे झाले आणि पेट्रोल त्या ट्रॅकवरून जवळजवळ नाहीसेच झाले. मिथेनॉलची आग पाण्याने विझवता येते. म्हणजे नियम करणाऱ्यांनी दोष कुठे होता ते ओळखले. फक्त त्या माणसाच्या नावावरचा डाग कुणी पुसला नाही.

मागच्या शनिवारी मी पुन्हा संग्रहालयात गेले होते. त्या निळ्या गाडीच्या दाराच्या काचेतून आत पाहिले. साधी सीट, मोठे स्टिअरिंग, आणि अंगावरून उन्हाळा जाईल इतके जवळ इंजिन. सेब्रिंगच्या बारा तासांत तो इथे बसला होता. तेव्हा त्याच्या हातात आयुष्याचे दहा आठवडे उरले होते.

हे लोक अधूनमधून शनिवारी आपल्या गाड्या मागच्या मोकळ्या आवारात काढून प्रत्यक्ष चालवतात. ज्या शनिवारी या गाडीची पाळी येईल, त्या दिवशी मी तुम्हाला फोन लावीन आणि फोन एक्झॉस्टच्या बाजूला धरीन. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असेल, तरी जागे राहा. चार कार्ब्युरेटरपैकी एखादा मागे पडत असेल तर तुम्ही मला सांगा, मी तिथल्या मेकॅनिकला सांगेन.

काकूंच्या गुडघ्याला आता कसे आहे ते कळवा. वडिलांना हे पत्र वाचून दाखवा. छोट्यांना गोड पापा.

तुमची पुतणी