सिस्प्लॅटिन कशात विरघळवलेस?

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझी नवी प्लॅटिनम संयुगे कर्कपेशींवर सिस्प्लॅटिन या कर्करोगाच्या औषधापेक्षा प्रभावी ठरली हे वाचून आनंद झाला. परंतु तुलनेसाठीचे सिस्प्लॅटिनही तू डीएमएसओ या द्रावकातच विरघळवले होतेस, या वाक्यापाशी मी थबकले.

सिस्प्लॅटिनचे काम त्यातील प्लॅटिनमला जोडलेल्या दोन क्लोराइडांवर चालते. रक्तात क्लोराइडचे प्रमाण भरपूर असल्याने ते बव्हंशी धातूला धरून राहतात; पेशीच्या आत ते प्रमाण बरेच कमी असल्यामुळे त्यांची जागा पाणी घेते आणि मग प्लॅटिनम डीएनएमधील ग्वानिन या घटकाशी जोडले जाते. डीएमएसओ मात्र आपल्या गंधकाच्या बाजूने प्लॅटिनमला आधीच पकडून क्लोराइडला हुसकावतो, त्यामुळे तुझ्या चाचणीच्या प्लेटमध्ये पेशींवर जे गेले त्यात खरे सिस्प्लॅटिन कितीसे उरले होते, कोण जाणे. प्रतिस्पर्ध्याला आखाड्यात उतरण्यापूर्वीच लंगडे करून कुस्ती जिंकण्यासारखे झाले हे! ते सलाइनमध्ये ताजे विरघळवून घे, आणि तुझ्या संयुगांच्या द्रावणाचा एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा आलेख) लगेच व चोवीस तासांनी असा दोनदा काढ.

संयुग बनवताना तू रसायनशास्त्रज्ञ धरा यांची १९७० सालची पद्धत वापरतेस, ते योग्यच आहे. तीत प्लॅटिनमला जोडलेला आयोडाइड आपल्या समोरचा गट सैल करतो, म्हणून दोन्ही अमोनिया शेजारीशेजारी बसतात; ते समोरासमोर बसले तर औषध म्हणून त्या संयुगाचा उपयोग नाही. मात्र आयोडाइड काढण्यासाठी घातलेल्या सिल्व्हर नायट्रेटचा अंश मागे राहू देऊ नकोस, कारण चांदीनेही पेशी मरतात आणि श्रेय प्लॅटिनमला जाते.

सिस्प्लॅटिनचा गुण ज्यांच्यामुळे उजेडात आला त्या बार्नेट रोझेनबर्ग यांना मुळात जिवाणूंवर विद्युतक्षेत्राचा परिणाम पाहायचा होता. जिवाणू विभागायचे थांबून लांबलचक तंतू झाले, तेव्हा ती विजेची करामत मानून ते थांबले नाहीत. इलेक्ट्रोडमधील प्लॅटिनम द्रावणात उतरून अमोनियम क्लोराइडशी संयोग पावत आहे, हे त्यांनी शोधून काढले आणि १९६५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या संयुगांपैकी सिस्प्लॅटिन तर पेरोने या रसायनशास्त्रज्ञांनी १८४४ च्या सुमारासच बनवले होते.

चाचणी पुन्हा केल्यावर आकडे कळव. सिस्प्लॅटिन वरचढ ठरले तरीही कळव.

तुझी,
आई